बंदीत वर घेतलेलं मशीन

पंधरा-सोळा वर्षं झाली, मी बोईसरला बसून लोकांची पडलेली मशीनं उठवतो. खरं सांगायचं तर आता जीव विटलाय. तारापूरच्या कारखान्यांची डझनभर मशीनं माझ्या गळ्यात आहेत. मशीन म्हणजे हाताला लागणारा डबा नव्हे. कुठल्या तरी मोठ्या कंपनीच्या इमारतीत भाड्याने घेतलेला कॉम्प्युटरचा एक तुकडा. त्याला क्लाउड म्हणतात. ती इमारत मी जन्मात पाहिलेली नाही. मशीन चालू असतं तेव्हा कुणाला माझी आठवण येत नाही, आणि बंद पडलं की मी जेवतोय का झोपलोय हे कुणी विचारत नाही. "भाई, जरा देख लो ना," एवढं म्हणायचं आणि फोन ठेवायचा. बायको म्हणते, तुमच्यापेक्षा गाढवाला बरं, त्याला संध्याकाळी तरी सोडतात.

माझा जन्म मुरब्याच्या अलीकडच्या एका कोळीवाड्यातला, आणि मला बोट लागते. आता बोला! कोळ्याचं पोर आणि खाडीच्या तोंडाशीच ओकायला लागतं. आमच्या भावकीतला एक दादा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, लहानपणी मला हट्टाने बोटीत घालून न्यायचा. मी काठावर पोट टेकून पडायचो आणि तो पाठीवर थोपटत खदखदा हसायचा. "तू काय कामाचा नाय रे, तू पुस्तकंच वाच," म्हणायचा. मी पुस्तकंच वाचली. तो खलाशी झाला.

गावच्या मच्छीमार सोसायटीचं मशीनही मीच सांभाळतो. सोसायटीचे सेक्रेटरी माझे चुलते. काकांचं वय सत्तरीला आलंय, पण आवाज असा की किनाऱ्यावरून बोलले तरी बोटीत ऐकू जावं. कुठली बोट कधी निघाली, तिच्यावर कोण कोण होतं, कधी परतली, हे सगळं त्या मशीनवर नोंदलं जातं. धक्क्यावर बसणारी मुलगी ते मोबाईलवरून भरते.

पावसाळ्यात दोन महिने मासेमारीला बंदी असते. बोटी वर ओढतात, जाळी सुकवून पोटमाळ्यावर जातात, छोट्या बोटींची इंजिनं सोडवून घरात आणून ठेवतात. पहिल्याच वर्षी बंदीच्या दिवशी काकांचा मला फोन आला. "बोटी वर घेतल्या रं. तुजं मशीन बी वर घे."

"मशीन कशाला वर घ्यायचं?"

"बोटी नाय तर मशीन कोनासाटी चालवतोस? फुकटचं भाडं!"

म्हाताऱ्याचं म्हणणं चूक नव्हतं. मी मशीन बंद केलं. पण बंद मशीनच्या डिस्कचंही भाडं लागतं, म्हणून ज्या डिस्कवर नोंदी होत्या तिचा स्नॅपशॉट घेतला. स्नॅपशॉट म्हणजे आहे तशी प्रत गोठवून ठेवायची, बर्फात घातलेल्या मासळीसारखी. मग मूळ डिस्क काढून टाकली. काकांना हे समजेना, तेव्हा मी थट्टेत म्हणालो, "काका, समजा इंजिन काढून घरात ठेवलं." झालं! तेव्हापासून दर बंदीला ठरलेला प्रश्न, "इंजिन काडलंस ना?" आणि बंदी उठली की सोसायटीच्या पायरीवर नारळ फुटल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. माझ्या धंद्यातल्या कुणाला सांगितलं तर तो हसून लोळेल. जगात कुणी सर्व्हर होडीसारखा वर ओढून ठेवत नाही. आम्ही चार वर्षं ठेवला, आणि एकदाही काही बिघडलं नाही.

पाचव्या वर्षी, बंदीला चार-पाच दिवस उरलेले असताना, गावातली एक छोटी बोट गेली ती परत आली नाही. तीन माणसांची बोट. चौथ्या दिवशी फळ्या आणि जाळ्याचे तरंगे किनाऱ्याला लागले, माणसं लागली नाहीत. दोन नावं सगळ्यांना ठाऊक होती, बोटीचा मालक आणि त्याचा मेहुणा. तिसरा नेहमीचा खलाशी तापाने घरी पडलेला, म्हणून वाचला. त्याच्या जागी माझा दादा गेला होता.

गेला होता, असं वयनी म्हणायची. वयनी म्हणजे दादाची बायको. पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? आदल्या दिवशी दोघांचं भांडण झालेलं, अगदी क्षुल्लक, पत्र्याच्या गळतीवरून. दादा भर गल्लीत ओरडला होता, "मी चाललो वेरावळला, कर तू एकटी!" आणि वयनी म्हणाली होती, "जा ना, आडवलंय कोनी." गुजरातच्या बोटींवर कामाला आमच्याकडची माणसं जातातच. तापातला खलाशी म्हणाला, "मी त्याला सांगितलं व्हतं जा म्हनून. गेला का नाय, मना काय ठावं? मी शुद्धीवर नवतो." सरकारी कागदावर नेहमीच्या खलाशाचंच नाव. तो तर जिवंत! मग बुडाले किती? दोन. आणि दादा? पळाला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

वयनी दोन महिने सगळ्या गावाशी भांडली. नळावर भांडली, सोसायटीत भांडली, माहेरच्यांशी भांडली. "माजा नवरा पळालेला नाय. तो बोटीवर व्हता." एवढं एकच वाक्य. मग बोट गेली त्याच दिवशी सुट्टीला माहेरी गेलेल्या धक्क्यावरच्या मुलीला कुणीतरी हे सांगितलं, तेव्हा ती फोनवर रडायलाच लागली. म्हणाली, "अहो, मीच नाव बदललं होतं त्या पहाटे. मशीनवर आहे."

मशीनवर आहे! आणि मशीन वर ओढलेलं. माणसं सापडेनात म्हणून सगळे खचलेले असतानाही काकांनी नेहमीसारखा फोन केला होता, आणि मी, आपला दादा गेलाय हे ठाऊक असून, नेहमीसारखी डिस्क काढून ठेवली होती. त्या डिस्कवरच्या शेवटच्या नोंदींत त्याचं नाव असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. हाताला सवय झाली की डोकं वापरावं लागत नाही, हा आमच्या धंद्याचा रोगच आहे.

कोळगावच्या कचेरीतले साहेब भले होते. म्हणाले, तोंडी चालणार नाही, सोसायटीच्या शिक्क्याचा छापील कागद आणा. उद्या बुडालेल्यांच्या भरपाईची फाइल वर जायची आहे, चारपर्यंत थांबतो.

काकांचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आला. "मशीन खाली घे. आमी येतोय." मी चहाचा कप हातात असतानाच बटण दाबलं. साडेदहाला दोघं एस.टी.ने बोईसरला माझ्या घरी पोचले तेव्हा मशीन उठलेलं नव्हतं.

वयनीला दोन महिन्यांनी बघत होतो. बाई अर्धी झालेली. पदराखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद, दाराशीच उभी. मी बस म्हटलं तर म्हणाली, "झालं का?"

"होतंय."

होत काही नव्हतं. मशीनला बाहेरून हाक मारावी तर उत्तर नाही. त्याचा पडदा उघडून बघितला तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि शेवटच्या ओळीत सांगितलेलं की अमुक डिस्क हजर नाही, म्हणून मी इथेच थांबलोय. मी कपाळावर हात मारला. इंजिन न बसवताच होडी लोटली होती! चार वर्षं नारळ फुटायची वाट बघताना आधी डिस्क बसवायचो. या वर्षी नारळ नाही, वाट बघणं नाही, घाईत तेवढंच राहिलं.

"काय झालं रं?" काका.

"इंजिन बसवायला विसरलो."

"आरं माज्या कर्मा! येवडा शिकलास तू!"

स्नॅपशॉटवरून नवी डिस्क तयार करायला लावली. अर्धा-पाऊण तास लागणार होता. बायकोने पोहे केले, काकांनी खाल्ले, वयनीने बशी तशीच ठेवली. मधेच एका कारखान्याचा फोन, त्यांचं पण काहीतरी अडलेलं. मी म्हणालो, "आज नहीं, मेरे घर में गमी है." घरात दुखवटा आहे, असं तोंडातून निघून गेलं. वयनीने ऐकलं की नाही कळलं नाही.

मग तिचा फोन वाजला. मेसेज होता. तो तिने डोळ्यांजवळ धरून वाचला आणि जरा संकोचून म्हणाली, "तू मोबाईलवरनं रिचार्ज मारतोस ना? येक नंबर सांगते. आज संपतोय."

तिने नंबर सांगितला, मी दाबत गेलो. शेवटचा आकडा दाबला तसं माझ्या फोनने नाव दाखवलं. दादा.

मी मान वर केली नाही. अठ्ठावीस दिवसांचं रिचार्ज मारलं आणि "झालं" म्हणालो. जी बाई दोन महिने गावाशी भांडत होती की माझा नवरा पळाला नाही, ती महिन्याच्या महिन्याला त्याचा फोन चालू ठेवत होती. तोंडाने एक आणि मनात एक. तिला दोष कोण देणार? पळाला असेल तर जिवंत असेल ना! मला हे तेव्हाच नीट कळायला हवं होतं. पण मी तेव्हा डिस्कची टक्केवारी बघत होतो.

डिस्क तयार झाली, बसवली, मशीन पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. तीच ओळ, तोच थांबा. आता मात्र पायाखालची वाळू सरकली.

झालं होतं असं. मशीन उठताना आधी एक यादी वाचतं, सोबत कोणकोणत्या डिस्क असायला हव्यात त्यांची. यादीतली डिस्क दिसली नाही तर ते पुढे जात नाही, अडून बसतं. पाच वर्षांपूर्वी ती यादी मीच लिहिली होती, आणि आळस केला होता. डिस्कची कायमची ओळख लिहायची सोडून ती कुठल्या जागेवर बसते तेवढंच लिहिलं होतं. चार वर्षं ती नशिबाने त्याच जागेवर बसली. या खेपेला दुसऱ्या जागेवर बसली, आणि मशीन म्हणायला लागलं, मी हिला ओळखत नाही. समोर बसलेली असून!

यादी दुरुस्त करायची तर मशीनच्या आत जायला हवं, आणि आत जायचं तर मशीन उठायला हवं. किल्ली आत आणि कुलूप बाहेरून. अशा वेळी एकच उपाय असतो. अडलेल्या मशीनची मुख्य डिस्क सोडवायची, दुसऱ्या एका चालत्या मशीनला जादा डिस्क म्हणून जोडायची, तिथून तिच्या पोटात शिरून ती ओळ दुरुस्त करायची, आणि परत आणून मूळ जागी बसवायची. कारखान्यांसाठी हे मी शेकडो वेळा केलंय, जांभया देत केलंय. त्या दिवशी माझी बोटं चुकत होती. चुकून भलतीच डिस्क पुसली गेली तर? मी प्रत्येक नाव दोनदा वाचत होतो, मोठ्याने.

वयनी कधी माझ्या मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. "काय लिवतोस?"

मी थकलो होतो, म्हणून सरळ सांगितलं. "याच्या यादीत एक डिस्क आहे. ती दिसली नाही तर हे जाग्यावरून हलत नाही. म्हणून दोन गोष्टी लिहितोय. एक, तिची खरी ओळख. आणि दुसरी, ती नसली तरी थांबू नको, उठ आणि चालायला लाग."

"हे पयलंच लिवायचं ना," ती म्हणाली.

"हो वयनी. पयलंच लिहायचं."

काकांनी घड्याळ बघितलं. दीड वाजला होता. बोईसरहून कोळगावला जायला रिक्षा, गर्दी, सगळं धरून तास तरी हवा. डिस्क सोडवली, परत नेली, बसवली, चालू केलं. काका उठून उभे राहिले, खिडकीशी गेले, पश्चिमेला तोंड करून हात जोडले. नारळ नव्हता म्हणून असेल. पडद्यावर ओळी सरकायला लागल्या, ज्या ओळीवर मशीन अडायचं ती मागे पडली, आणि उठलं! च्यायला, उठलं! एवढ्या वर्षांत एखादं मशीन उठल्यावर मला इतका आनंद झालेला आठवत नाही.

त्या पहाटेची नोंद काढली. बोटीचं नाव, आणि खाली तीन माणसं. मालक. मेहुणा. तिसरं नाव तापातल्या खलाशाचं.

वयनीला सावकाश वाचता येतं. तिने तिसरं नाव वाचलं, आणि मला वाटलं आता ही रडणार. ती रडली नाही. तिचा श्वास सुटल्याचा आवाज मी ऐकला. तिच्या तोंडाकडे बघायचं सोडून मी धक्क्यावरच्या मुलीला फोन लावला आणि जवळजवळ ओरडलो, "अगं, जुनंच नाव आहे इथे!"

"अहो, वरची यादी रजिस्टरची असते. ती बदलत नाही. खाली जा, 'बदल' म्हणून आहे, ते उघडा."

उघडलं. एकच ओळ. जुन्या खलाशाचं नाव, कारण: ताप. बदली खलाशी: आणि पुढे माझ्या दादाचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, पहाटेची वेळ, आणि धक्क्यावरून निघताना घेतलेला त्याचा अंगठा.

"आहे!" मी खुर्चीवरून उठलोच. "नाव आहे वयनी! दादा बोटीवर होता! बघा, अंगठा पण आहे!"

"ही पोरगी काय बोलत व्हती?" काकांचा आवाज चढला. "येऊ दे आता कोन बोलतो पळाला म्हनून! त्याच्या थोबाडावर मारतो ह्यो कागद!"

मी तीन प्रती छापल्या. काकांनी पिशवीतून शिक्का काढला, फुंकर मारली आणि तिन्हीवर दाबून दाबून उठवला. आम्ही दोघं एखादी पैज जिंकल्यासारखे बोलत होतो. मी म्हणत होतो, आता रिक्षा सांगतो, तीनला पोचता, आरामात. मग वळून बघितलं तर वयनी पलंगाच्या कडेला बसली होती. सकाळपासून पहिल्यांदा बसली होती. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं होतं, आणि बोट हलत नव्हतं.

"म्हंजे तो बोटीवरच व्हता," ती म्हणाली.

"हो वयनी."

"वेरावळला नाय गेला."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मला माझीच लाज वाटली. इतका वेळ मी ओरडत होतो, "होता! होता!" काकांनी शिक्का पुसून पिशवीत टाकला. ते खाली बघायला लागले. बायको आतून पाणी घेऊन आली आणि तांब्या धरून तशीच उभी राहिली. लहानपणी पाठीवर थोपटणारा तो हात मला आठवला. दोन महिन्यांत मी दादासाठी रडलो नव्हतो. काम होतं ना! मशीनं पडत होती.

रिक्षाचा भोंगा खाली वाजला. काका म्हणाले, "चल पोरी, टाइम होतोय." वयनी उठली, कागदाच्या दोन घड्या केल्या, पिशवीत ठेवला, पिशवी पदराखाली घेतली. दारापर्यंत गेली आणि थांबली.

"तो नंबर बंद कसा करतात रं?"

मी म्हणालो, "काही करायला लागत नाही वयनी. रिचार्ज मारलं नाही की आपोआप बंद होतो. पण आज मारलंय ना आपण. अजून अठ्ठावीस दिवस चालेल."

तिने चौकटीला हात टेकून चपला घातल्या.

"मग तेवडे दिवस ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि काकांच्या मागून जिना उतरायला लागली.